पाठीमागचं मैदान



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांनी आमच्या शाळेच्या मुरमाड मैदानावर दोन खांब पुरून बास्केटबॉल सुरू केला. फळ्या गावातल्या सुताराने करून दिल्या, कड्या लोहाराने. पावसाळ्यात चेंडू फुगायचा आणि उन्हाळ्यात मैदान तापायचं, पण सरांची शिट्टी पहाटे साडेपाचला वाजायचीच. त्यांच्या हाताखालून गेलेल्या आम्हा मुलांपैकी एकही पुढे बास्केटबॉलपटू झाला नाही. कुणी एस.टी.त लागलं, कुणी बँकेत, कुणी शेती धरली. सर गेले त्या दिवशी त्यांच्या अंगणात कुणीतरी हळहळून म्हणालं, ‘एवढं शिकवलं, पण पुढे खेळलं कोण?’ तो प्रश्न मला बरीच वर्षं टोचतो आहे. आज मी ज्या खेळाडूविषयी बोलणार आहे, त्यानेही बास्केटबॉल अगदी कोवळ्या वयात सोडला. तो दुसऱ्याच खेळात गेला आणि तिथे वीस वर्षं टिकला. त्याचं नाव स्कॉट पेंडलबरी. खेळ ऑस्ट्रेलियन फुटबॉल, संघ मेलबर्नचा कॉलिंगवूड, पाठीवर आकडा १०.

हा खेळ आपल्याकडे फारसं कुणी खेळत नाही, पाहतही नाही. पण त्याचं मैदान तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचं आहे. डिसेंबर २०२० आठवा. अ‍ॅडलेडला आपला संघ ३६ धावांत गारद झाला, कर्णधार मायदेशी परतला आणि आठवड्याभरात आपल्या अजिंक्य रहाणेने मेलबर्नला ११२ धावांची खेळी केली. कसोटी आपण आठ गडी राखून जिंकली. सामनावीर म्हणून त्याच्या गळ्यात जे पदक पडलं, ते मुलाग पदक. ते त्या वर्षीच पहिल्यांदा दिलं गेलं. जॉनी मुलाग हे १८६८ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या आदिवासी ऑस्ट्रेलियन क्रिकेट संघातले सर्वांत गाजलेले खेळाडू. त्याआधी १८६६ च्या बॉक्सिंग डेला याच मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर आदिवासींचा संघ उतरला होता. मुलाग त्यात होते, आणि त्या संघाला शिकवून मैदानात घेऊन आलेला माणूस होता टॉम विल्स.

याच टॉम विल्सने जुलै १८५८ मध्ये मेलबर्नच्या एका क्रीडापत्राला पत्र लिहिलं. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगं आखडतात, तेव्हा एखादा फुटबॉल क्लब काढा, असा त्याचा आग्रह होता. मे १८५९ मध्ये विल्स आणि आणखी काही जणांनी बसून या नव्या खेळाचे पहिले नियम कागदावर उतरवले. विल्सचं आयुष्य विलक्षण आणि दुःखाचं होतं. १८६१ मध्ये क्वीन्सलँडमध्ये आदिवासींनी केलेल्या हल्ल्यात त्याचे वडील मारले गेले, त्याचा सूड म्हणून गोऱ्यांनी कितीतरी आदिवासींचे जीव घेतले, आणि पाच वर्षांनी हाच मुलगा आदिवासी क्रिकेटपटूंना घेऊन मेलबर्नला आला. आदिवासींच्या मार्नग्रूक नावाच्या चेंडूच्या खेळातून त्याने काही उचललं का, यावर तिथले इतिहासकार अजून भांडतात. मी त्या वादात शिरत नाही. एवढंच ध्यानात ठेवा, की हा खेळ क्रिकेटच्या घरात जन्मला, म्हणून त्याचं मैदान चौकोनी नाही. ते लंबगोल आहे. आणि आजच्या विषयाचा उगम तिथेच आहे.

नियम थोडक्यात सांगतो. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. चेंडू अंड्याच्या आकाराचा. तो हातात घेऊन पळता येतं, पण दर पंधरा मीटरला जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. साथीदाराकडे फेकता येत नाही. एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून द्यायचा, याला हँडबॉल म्हणतात. नाहीतर लाथ मारायची. आणि या खेळात ऑफसाइड नाही.

हे शेवटचं वाक्य साधं वाटतं, पण सगळी गोम त्यात आहे. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये ऑफसाइडच्या नियमामुळे खेळाला एक पुढचं आणि एक मागचं अंग येतं. इथे छत्तीस माणसं मैदानभर पसरलेली, कुणीही कुठूनही येऊ शकतं. सामना सुरू होताना पंच चेंडू मध्यभागी उंच उडवतो. दोन्ही बाजूंचे ताडमाड रकमन त्याच्यासाठी उडी मारतात आणि थापटून तो आपल्या मिडफिल्डरकडे, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूकडे, खाली ढकलतात. मिडफिल्डरच्या हातात चेंडू पडायला आणि अंगावर माणूस पडायला एकच गाठ. पकड बसण्याआधी चेंडू द्यायला वाव होता आणि तरी दिला नाही, तर फ्री किक समोरच्या संघाला. कबड्डीत चढाई करणाऱ्याला निदान कोपऱ्यातला माणूस कुठे आहे ते दिसतं. इथे कोपरा पाठीमागेही आहे. मिडफिल्डरचं सगळं कसब त्या पाठीमागच्या मैदानाची खबर ठेवण्यात असतं.

पेंडलबरीचा जन्म ७ जानेवारी १९८८ चा, व्हिक्टोरिया राज्याच्या पूर्वेकडच्या गिप्सलँड भागातल्या सेल गावचा. लहानपणी त्याचं पहिलं प्रेम बास्केटबॉल. त्यात तो इतका पुढे गेला, की कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टची बास्केटबॉलची शिष्यवृत्ती त्याला मिळाली. त्या देशातल्या मुलासाठी हे दार म्हणजे ऑलिम्पिकच्या वाटेवरचं पहिलं फाटक. तो तिथे गेला, आणि थोड्याच काळात त्याने ठरवलं की आपल्याला फुटबॉल खेळायचा आहे. शिष्यवृत्ती सोडून तो परत आला आणि गिप्सलँड पॉवर या तरुणांच्या संघातून खेळू लागला.

त्याने सोडलेली जागा एका दुसऱ्या मुलाला मिळाली. कॅनबेराचाच, त्याच वर्षी जन्मलेला, वडील टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरचे आणि आई आदिवासी. पॅटी मिल्स. तो पुढे सॅन अँटोनियो स्पर्सकडून २०१४ मध्ये एनबीएचा विजेता झाला. टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला ऑस्ट्रेलियाचा झेंडा धरणाऱ्या दोघांपैकी एक तो होता, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात स्लोव्हेनियाविरुद्ध त्याने ४२ गुण केले. ऑस्ट्रेलियाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. एका मुलाने खुर्ची रिकामी केली आणि दोन कारकिर्दी उभ्या राहिल्या. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

२००५ च्या राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने तरुण खेळाडू निवडायच्या वार्षिक निवडीत, कॉलिंगवूडने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं. दुसऱ्या क्रमांकावरही त्यांनीच डेल थॉमस या चपळ, उडत्या खेळाडूला उचललं होतं. सुरुवातीला सगळ्यांच्या नजरा थॉमसवर होत्या. २००६ मध्ये पेंडलबरी पहिला सामना खेळला तेव्हा तो एक सडपातळ, डावऱ्या पायाचा पोरगा होता. उंची १९१ सेंटिमीटर, पण वेग बेताचा. मधल्या फळीत याच्याहून वेगाने धावणारे ढीगभर होते.

आता मला थोडं रेंगाळू द्या, कारण माझा खरा विषय इथे आहे.

मी त्याला प्रत्यक्ष एकदाच खेळताना पाहिलं. २५ एप्रिल २०१९, अँझॅक दिन. मुलीकडे मेलबर्नला गेलो होतो आणि जावयांनी तिकिटं काढली होती. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा तो दिवस. दरवर्षी त्या दिवशी कॉलिंगवूड आणि एसेंडन यांचा सामना होतो. सामन्याआधी बिगुल वाजला आणि ९२ हजारांवर माणसं एकदम गप्प झाली. इतक्या माणसांची शांतता मी त्याआधी फक्त आषाढीला पालखी थांबते तेव्हा अनुभवली होती. मग चेंडू उडाला आणि कानठळ्या बसल्या. पहिली पंधरा मिनिटं मला काहीच कळलं नाही. जावयांनी सांगितलं, ‘बाबा, चेंडू बघू नका. दहा नंबर बघा.’

मी दहा नंबर बघू लागलो. आणि माझ्या लक्षात आलं, की हा माणूस चेंडू लांब असतानाही सारखा मान फिरवतो आहे. डावीकडे, उजवीकडे, खांद्यावरून मागे. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधीच त्याचं पाहून झालेलं असतं. चेंडू हातात आला, की बाकीचे जिथे डोकं खाली घालून गर्दीत घुसतात, तिथे तो ताठ उभा. एक पाय रोवून त्याच्यावर वळायचं. अंग मध्ये घालून चेंडू दूरच्या हातात धरायचा, इतका लांब की पकडणाऱ्याचा हात पोचू नये. मग देण्याची हूल द्यायची. समोरचा अर्धं पाऊल चुकतो, आणि त्या अर्ध्या पावलात चेंडू साथीदाराच्या हातात गेलेला असतो. मी खुर्चीतून उठलोच. ते पाऊल रोवून वळणं मी ओळखत होतो. सरांनी आम्हाला ते हजार वेळा करून घेतलं होतं. बास्केटबॉलमध्ये त्याला पिव्हट म्हणतात. ‘चेंडू घेतल्यावर कुठे बघतोस? घ्यायच्या आधी बघ,’ हे सरांचं ओरडणं त्या गर्दीत मला स्पष्ट ऐकू आलं.

बास्केटबॉलच्या कोर्टात दहा माणसं एका अंगणाएवढ्या जागेत वावरतात. पाठीला पाठ लावून कुणीतरी सतत उभं असतं. मान वर ठेवणं, अंगाने चेंडू झाकणं, डोळ्याच्या कोपऱ्याने मोकळा साथीदार हेरणं, नजर एकीकडे आणि पास दुसरीकडे, हे सगळं तिथे जगण्यासाठी लागतं. पेंडलबरीने ते अंगण एका क्रिकेटच्या मैदानावर नेऊन पसरलं. तो खेळताना घड्याळ मंदावतं, असं मेलबर्नमध्ये लहान पोरंही म्हणतात. मला मात्र वाटतं, घड्याळ त्याच्यासाठीही तेवढंच धावतं. इतरांचा जो क्षण पाहण्यात जातो तो त्याचा वाचलेला असतो, कारण त्याने आधीच पाहिलेलं असतं. हे दिसायला दैवी वाटतं, पण आहे ते कष्टाचं. मान फिरवायला कुणाची देणगी लागत नाही. सामना रंगात असताना, फुप्फुसं फाटत असताना, चेंडू पन्नास मीटरवर असताना ती फिरवत राहायला मात्र फार मोठी शिस्त लागते. त्या दिवशी कॉलिंगवूड चार गुणांनी जिंकलं आणि सामन्यातला सर्वोत्तम म्हणून अँझॅक पदक त्याला मिळालं. त्याचं ते तिसरं.

पण मी पुढे धावलो. मागे येतो, २०१० ला.

कॉलिंगवूड हा कामगारवस्तीतला क्लब, १८९२ चा. काळे-पांढरे पट्टे. त्याच्यावर जीव टाकणारे जितके, तितकेच त्याचा राग करणारे. अंतिम फेरीत पोचून हरण्याचा त्याचा इतिहास लांबलचक. १९५८ नंतर थेट १९९० ला विजेतेपद, आणि त्यानंतर पुन्हा वीस वर्षं काही नाही. २५ सप्टेंबर २०१० ला सेंट किल्डाविरुद्धचा अंतिम सामना ६८-६८ असा बरोबरीत सुटला. शेवटच्या क्षणांत सेंट किल्डाच्या लेनी हेजने मारलेला चेंडू टप्पा खाऊन गोलपासून भलतीकडे वळला, एकच गुण मिळाला आणि बरोबरी झाली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे आठवड्याने अख्खा सामना पुन्हा खेळवला गेला. त्यात कॉलिंगवूडने १०८-५२ असा धुव्वा उडवला, आणि सामन्यातला सर्वोत्तम म्हणून नॉर्म स्मिथ पदक मिळालं बावीस वर्षांच्या पेंडलबरीला.

बाविसाव्या वर्षी सगळं हाताशी आल्यासारखं वाटलं असणार. त्यानंतर तेरा वर्षं गेली.

त्या तेरा वर्षांत त्याने व्यक्तिशः मिळवलेलं मी भराभर सांगून टाकतो. क्लबच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी कोपलँड ट्रॉफी पाच वेळा, देशाच्या वार्षिक सर्वोत्तम संघात सहा वेळा निवड. ब्राउनलो पदक, म्हणजे पंचांच्या मतांवर ठरणारा या खेळातला सर्वोच्च वैयक्तिक मान, त्याला कधीच मिळालं नाही. २०११ मध्ये ते त्याच्या शेजारी खेळणाऱ्या डेन स्वॉनने नेलं. या गोष्टीची त्याच्या चाहत्यांना हळहळ वाटते. मला तितकीशी वाटत नाही. पंचाच्या नजरेत भरतो तो गर्दी फोडून बाहेर पडणारा. गर्दी होण्याआधीच चेंडू देऊन मोकळा झालेला माणूस कुणाच्या नजरेत कसा भरणार?

संघाचं मात्र काय काय झालं पाहा. २०११ ला अंतिम सामन्यात जिलाँगकडून हार. २०१४ मध्ये तो कर्णधार झाला आणि संघ घसरत गेला. २०१८ ला पुन्हा अंतिम सामना, वेस्ट कोस्टविरुद्ध. सामन्यातले पहिले पाचही गोल कॉलिंगवूडने मारले. सामना संपायला दोन मिनिटंही उरली नसताना वेस्ट कोस्टच्या डॉम शीडने अगदी सीमारेषेजवळच्या अवघड कोनातून गोल मारला. कॉलिंगवूड ७४, वेस्ट कोस्ट ७९. पाच गुणांनी हार. २०१९ ला उपांत्य सामन्यात चार गुणांनी हार. २०२२ ला उपांत्य सामन्यातच एका गुणाने. पाच, चार, एक. कर्णधाराच्या मनात हे आकडे रात्री कसे वाजत असतील?

आणि मैदानाबाहेरचं एक प्रकरण टाळून मला पुढे जाता येणार नाही. १९९३ मध्ये कॉलिंगवूडच्या घरच्या मैदानावर, प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी शिवीगाळीनंतर, सेंट किल्डाच्या निकी विनमार या आदिवासी खेळाडूने जर्सी वर करून आपल्या त्वचेकडे बोट दाखवलं होतं. ते छायाचित्र त्या देशाच्या इतिहासात कायमचं कोरलं गेलं. २०२१ मध्ये क्लबच्याच नेमणुकीने झालेल्या चौकशीचा अहवाल बाहेर आला, आणि कॉलिंगवूडमध्ये वर्णद्वेष व्यवस्थेतच मुरलेला आहे असं त्यात म्हटलं होतं. क्लबचे अध्यक्ष पायउतार झाले. क्लबच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांतल्या खेळाडूंनी सह्या करून जाहीर माफी मागितली. पेंडलबरी तेव्हा कर्णधार होता. वर्षानुवर्षं ज्याची वाहवा झाली ती पाठीमागे काय चाललंय हे जाणणारा म्हणून, त्याच्या स्वतःच्या क्लबच्या पाठीमागे हे चाललं होतं. मी त्याच्यावर दोष ठेवत नाही. पण त्याच्यावर लिहिणारे हे पान बहुधा गाळतात, आणि ते गाळणं मला पटत नाही. ज्या मुलाला कॅनबेरातली त्याची जागा मिळाली त्याने त्याच वर्षी आदिवासींच्या वतीने मान उंच करून देशाचा झेंडा धरला, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

त्या वर्षी संघ अठरापैकी सतरावा आला. प्रशिक्षक नेथन बकली हंगामाच्या मध्यातच गेले. पेंडलबरी तेहेतीस वर्षांचा. या खेळात मधल्या फळीतला माणूस तिशी ओलांडली की थकतो. एका सामन्यात मैलोन्‌मैल धावायचं आणि वर माणसं अंगावर घ्यायची. बहुतेकांना मागच्या फळीत सरकवतात, तिथून निवृत्ती. त्यालाही काही काळ मागे खेळवलं. नवे प्रशिक्षक क्रेग मॅक्रे आले, आणि २०२३ च्या हंगामाआधी त्याने कर्णधारपद आपणहून खाली ठेवलं. ते डार्सी मूरकडे गेलं. आणि संघाच्या मधल्या फळीत एक नवा मुलगा आला होता, निक डेकॉस. १९९० च्या विजेत्या संघातल्या पीटर डेकॉसचा मुलगा. २०१० मध्ये हा निक सात वर्षांचा होता.

२०२३ चा उपांत्य सामना कॉलिंगवूडने जिंकला ५८-५७. एका गुणाने. ३० सप्टेंबरला अंतिम सामना, ब्रिस्बेनविरुद्ध, एक लाखावर प्रेक्षक. मी सकाळी घरी भ्रमणध्वनीवर पाहत होतो. शेवटच्या सत्रात आघाडी इकडून तिकडे फिरली. मग जॉर्डन डी गोईचा गोल, त्यापाठोपाठ स्टील साइडबॉटमचा लांबून मारलेला गोल. २०१० च्या संघातले आता दोघेच उरले होते, पेंडलबरी आणि हा साइडबॉटम. ब्रिस्बेनने एक गोल परत केला, उरलेली मिनिटं कशीबशी सरली. ९०-८६. चार गुणांनी जीत. पाच, चार आणि एक यांच्यानंतर आलेला हा चार.

स्वयंपाकघरात जाऊन मी चहा टाकला आणि दूध उतू गेलं, ते मला कळलं नाही.

त्यानंतरही तो थांबला नाही. २०२४ मध्ये त्याने चारशेवा सामना खेळला. सव्वाशेहून जास्त वर्षांच्या या स्पर्धेत चारशेला पोचलेला तो सहावा, कॉलिंगवूडचा पहिलाच. त्याआधी क्लबसाठी सर्वांत जास्त सामने टोनी शॉच्या नावावर होते, ३१३. लाथेने आणि मुठीने मिळून नियमाप्रमाणे किती वेळा चेंडू पुढे दिला, याचीही तिथे मोजदाद ठेवतात. रॉबर्ट हार्वीचा ९,६५६ चा उच्चांक मागे टाकून दहा हजारांचा टप्पा ओलांडणारा पेंडलबरी पहिला. २०२५ च्या हंगामातही, सदतिसाव्या वर्षी, तो मैदानात होता.

दहा हजार वेळा चेंडू हातात आला आणि दहा हजार वेळा तो दुसऱ्याला दिला. सरांच्या अंगणात मला टोचलेल्या त्या प्रश्नाकडे मी या आकड्यातून पाहतो. पेंडलबरीने बास्केटबॉल सोडला तेव्हा सेल गावातल्या त्याच्या बास्केटबॉल शिकवणाऱ्यांनाही कुणीतरी तेच विचारलं असेल. त्यांनी शिकवलेलं मेलबर्नच्या गवतावर वीस वर्षं लाखो लोकांनी पाहिलं, फक्त त्या खेळाचं नाव वेगळं होतं. आमच्या एस.टी.तल्या मित्राने परवा घाटात समोरून ट्रक अंगावर येताना पन्नास माणसांची गाडी सावरली. त्याला विचारलं तर म्हणाला, आरशात आधीच बघून ठेवलं होतं, मागे कुणी नव्हतं. तो आज इथे तिसऱ्या रांगेत बसला आहे.

आयोजकांनी पडद्याची सोय केली आहे. २०१० च्या त्या पुन्हा खेळवलेल्या सामन्यातली दहा मिनिटं आपण पाहणार आहोत. दिवे मालवण्याआधी एवढंच सांगतो. काळे-पांढरे पट्टे, दहा नंबर. पहिली दोन-तीन मिनिटं तो बहुधा तुम्हाला सापडणार नाही, कारण तुम्ही चेंडूकडे पाहत असाल. चेंडू जाऊ द्या. त्याची मान पाहा.